पद्मिनी धावेल, पण आधी ती मोजा

छंदघर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी घरी बनवलेल्या स्लॉट कारविषयी लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रस्त्यात एक बारीक खाच असते. खाचेच्या दोन्ही काठांनी धातूची एकेक पट्टी जाते आणि त्या पट्ट्यांत साधारण १२ व्होल्टची डीसी वीज असते. गाडीच्या नाकाखालची पात खाचेत उतरते, तिला गाईड म्हणतात. गाईडला तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या दोन पट्ट्या लावलेल्या असतात, त्या वीज उचलून मोटरला देतात. मी त्यांना वेण्या म्हणते. आपल्या हातात कंट्रोलर. त्याचा घोडा जितका दाबाल तितका वेग. गाडी वळवायची नसते, ते खाच करते. वळणाआधी वेग केव्हा आणि किती सोडायचा एवढंच आपल्याकडे, आणि तेवढ्यातच सगळं कौशल्य आहे.

मी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये ३१ वर्षं काम करते आहे. कवळ्या, कॅप, ब्रिज. गाड्या बनवण्याची माझी बरीचशी हत्यारं आणि जवळपास सगळ्या सवयी तिथल्याच आहेत, त्यामुळे उत्तरांत लॅब सारखी येईल.

प्रश्न : माझ्या वडिलांनी २२ वर्षं नाशिक-मुंबई टॅक्सी चालवली. प्रीमियर पद्मिनी. गाडी विकली तेव्हा मी नववीत होतो. मला ती १:३२ मापात बनवायची आहे, टपावरच्या कॅरिअरसकट. पण काचेच्या कपाटात ठेवायला नको, पळायला हवी. बाजारात धातूचं तयार मॉडेल मिळालं तर त्यात मोटर बसवून चालेल का? नाही तर सुरुवात कुठून करू?
एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : दादा, धातूच्या तयार मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात. सगळं वजन वर, छतात आणि खिडक्यांच्या खांबांत. पहिल्याच वळणावर गाडी आडवी होईल. शिवाय अशा मॉडेलांचं माप पुष्कळदा खोक्याच्या मापावरून ठरलेलं असतं. तपासायचं असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. खऱ्या पद्मिनीचं ते २३४० मिलिमीटर आहे. भागिले ३२, म्हणजे ७३ मिलिमीटर. हातातलं मॉडेल ६८ भरलं तर ते कितीही देखणं असलं तरी १:३२ नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा, आणि लवकर करा. मुंबईतली शेवटची नोंदलेली काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आपल्याकडे अजून एखाद्या वाड्याच्या बोळात, गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली एखादी उभी असते. मालकाला विचारा, बहुतेक जण आनंदाने मोजू देतात. मी पंचवटीत एकीभोवती सबंध रविवार घालवला. टेप, जाड पुठ्ठा, कात्री आणि वही. बॉनेटचा आणि डिकीचा उतार टेपने कळत नाही. पुठ्ठा कापत कापत पत्र्याला चपखल बसवायचा आणि तोच उतार घरी ३२ पट लहान करायचा. फोटो काढाल तर लांब जाऊन झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि शेपूट आखडते. मागच्या दिव्यांवर मडगार्डाची जी उभी धार येते तिचे चार बाजूंनी फोटो घ्या. पद्मिनी ओळखू येते ती तिथून, आणि नेमकी तीच धार नवशिक्याच्या हातून गोल होते.

मूळ नमुना मी डेंटल स्टोनमध्ये, म्हणजे लॅबमधल्या कडक प्लॅस्टरमध्ये, कोरते, कारण तो माझ्या हातातला आहे. तुम्ही लाकडात कोरा, किंवा कुणाकडून थ्रीडी प्रिंट करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. नमुन्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं. एक गोष्ट मात्र पाळा. हे काम जूनपासून सप्टेंबरपर्यंत करू नका. या रेझिनमधला एक घटक पाण्याशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्या पावसाळी हवेत उघडी बाटली आठवडाभरात ओल धरते आणि गाडीचं छत जाळीदार पावासारखं निघतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम. खिडक्या उघड्या ठेवा, वाफ नाकात जाऊ देऊ नका, घासताना मास्क लावा.

आता वजन. माझा पहिला पद्मिनीचा सांगाडा, म्हणजे गाडीचं वरचं कवच, साच्यातून निघाला तो ४६ ग्रॅमचा. दिसायला सुरेख. रस्त्यावर ठेवला आणि दुसऱ्या वळणावर टपावर पालथा. पद्मिनीची रुंदी आणि उंची जवळपास सारखीच, दोन्ही साधारण दीड मीटर, म्हणजे आपल्या मापात ४५-४६ मिलिमीटर. अशा अंगाच्या गाडीला वरचं वजन अजिबात सोसत नाही. मग मी लॅबमधला कवळी घासायचा बर, म्हणजे यंत्रावर फिरणारं दातेरी टोक, लावून तो आतून खरवडायला घेतला. छत १ मिलिमीटर, बाजू सव्वा. मधून मधून दिव्यासमोर धरायचं, जिथून उजेड पाझरेल तिथे थांबायचं. तीन संध्याकाळी गेल्या. सांगाडा २४ ग्रॅमवर आला आणि गाडी पळाली. बाहेरून एक रेघही बदलली नव्हती.

खाली चॅसिस, म्हणजे चाकं आणि मोटर धरणारा पाया, पितळेची करा. ०.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा तुमच्या कामाला पुरतो. मी तांबट लेनच्या आसपास तुकडा मागते, वजनावर मिळतो. चॅसिसचं वजन १८ ग्रॅमच्या आसपास भरेल. हे वजन रस्त्यापासून दीड-दोन मिलिमीटरवर असल्यामुळे ते गाडीला धरून ठेवतं, पाडत नाही.

मोटर १३० जातीची घ्या. ती साधारण २५ मिलिमीटर लांब, २० रुंद आणि १५ उंच असते. रुंद गाड्यांत ती मागच्या अॅक्सलला समांतर, आडवी बसते. पद्मिनीच्या मागच्या दोन चाकांच्या आतल्या अंगांमध्ये जेमतेम ३३ मिलिमीटर जागा राहते. आडव्या मोटरला गिअरसकट ती पुरत नाही. म्हणून मोटर लांबीच्या दिशेने ठेवा, तोंड मागे, आणि अॅक्सलवर क्राऊन गिअर, म्हणजे मोटरचं फिरणं काटकोनात वळवून चाकांना देणारं दातेरी चाक. पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या लहान गिअरला, ९ दात आणि क्राऊनला २७ असले की मोटरच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक. मोटरची उंची १५ मिलिमीटर, म्हणजे मागच्या सीटखालची सगळी जागा ती घेणार. पायांकडचा भाग दाखवता येत नाही. आतला भाग म्हणजे सीटच्या उंचीवर बसवलेला एक उथळ ट्रे करायचा. खिडकीतून सीटची पाठ, स्टिअरिंग, त्याच्या दांड्यावरचा गिअरचा दांडा आणि माणसं एवढंच दिसतं, आणि ते नीट केलं तर बाकीचं डोळा आपण होऊन भरून घेतो.

काचांसाठी एक युक्ती. आमच्याकडे दातांची गार्ड बनवायचं व्हॅक्यूम यंत्र असतं. प्लॅस्टिकची चकती तापवायची आणि खालून हवा ओढून नमुन्यावर घट्ट बसवायची. चकती पाच इंचांची, म्हणजे १२७ मिलिमीटर, आणि चौकट त्यातली चारही बाजूंनी थोडी खाते. पद्मिनी १:३२ मध्ये १२२ मिलिमीटर, त्यामुळे अख्खी गाडी त्यात मावत नाही. पण पुढची काच, मागची काच आणि बाजूच्या खिडक्या एकाच पातळ कवचात निघतात. ओळखीच्या डेंटिस्टला विचारून पाहा.

आणि कॅरिअर. तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड वस्तू हीच, कारण ती गाडीच्या सगळ्यात वाईट जागी बसते. पितळी पट्टीची केलीत तर पाच-सहा ग्रॅम थेट टपावर गेले. दात सरळ करायच्या तारेची करा. ०.५ मिलिमीटरची स्टीलची तार ३२ पट मोठी केली तर १६ मिलिमीटरची नळी होते, खऱ्या कॅरिअरला शोभेल अशी. ६० सेंटिमीटर तार लागली तरी वजन एका ग्रॅमच्या आत. गाडी उलटली तर ही तार वाकते आणि पुन्हा जागेवर येते. एकच अडचण. स्टीलला साधा सोल्डर साध्या फ्लक्सने (जोड धरावा म्हणून आधी लावतात त्या रसायनाने) धरत नाही. आम्लाचा फ्लक्स लागतो आणि नंतर जोड पाण्याने स्वच्छ धुवावा लागतो, नाही तर महिन्याभरात गंज चढतो. वायपरही याच तारेचे करा, ०.३ ची घ्या.

चालक अर्धाच लागतो, कमरेपासून वर. खाकी शर्ट रंगवाल तेव्हा खऱ्या शर्टाच्या रंगापेक्षा जरा फिकी छटा घ्या, लहान वस्तूवर रंग गडद दिसतो. तुमचे वडील कोपर खिडकीबाहेर काढून चालवायचे का? माझ्या आठवणीतले सगळेच तसे चालवायचे. तसं असेल तर उजवं कोपर बाहेर काढा, पण दाराच्या बाहेरच्या रेषेपुढे दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शेजारच्या लेनमधली गाडी तेवढ्यावरच घासते.

प्रश्न : माझ्याकडे प्लॅस्टिक ट्रॅकचा सेट आहे. चांगले खेळाडू मॅग्नेट वापरत नाहीत असं ऐकून मी गाडीखालचा मॅग्नेट काढला. आता ती प्रत्येक वळणावर बाहेर जाते. परत लावू का?
इयत्ता आठवी, इंदिरानगर

उत्तर : लगेच लावू नकोस. आधी काय झालं ते समजून घे. प्लॅस्टिक ट्रॅकच्या पट्ट्या स्टीलच्या असतात. मॅग्नेट त्यांना ओढून गाडी खाली दाबून धरत होता, त्यामुळे टायर खराब असला तरी चालून जात होतं. आता टायरला स्वतः काम करायचं आहे.

मागचे टायर आधी गोल कर. नवे टायरसुद्धा पूर्ण गोल नसतात. बारीक, ४०० नंबरचा पॉलिश पेपर ट्रॅकवर चिकटव, पुढच्या वेण्या दुसऱ्या लेनच्या पट्ट्यांवर टेकवून मागची चाकं पेपरवर अगदी हलक्या हाताने फिरू दे. टायरचा सबंध पृष्ठभाग सारखा काळपट-मऊ दिसू लागला की थांब. मग सांगाड्याचे स्क्रू अर्धा फेरा सैल कर. सांगाडा चॅसिसवर किंचित हलला पाहिजे. घट्ट असला तर ट्रॅकचा प्रत्येक धक्का वर जातो आणि टायर सुटतो.

त्यानंतर नीट बघ, गाडी उलटते, का तिचं नाक खाचेतून निघतं? दोन्ही वेगळे आजार आहेत. नाक निघत असेल तर गाईडच्या लगेच मागे पितळेची चपटी पट्टी लाव, ३ ग्रॅमपासून सुरुवात कर. उलटत असेल तर वर कुठे तरी जड काही आहे ते शोध. तुझ्या सेटच्या गाडीत आत अख्खा ड्रायव्हर आणि जाड डॅशबोर्ड असेल, तो आतून घासून हलका करता येतो. शिसं वापरू नकोस, पितळ पुरतं.

तो काढलेला मॅग्नेट डबीत बंद करून वरच्या फळीवर ठेव. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर हे आजच कर. असे दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्या एकमेकींना चिकटून मोठं ऑपरेशन लागू शकतं.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलं होतं की डेंटल अॅक्रिलिकमध्ये गाडीचा सांगाडा ओतता येतो. मी तीन भाग पावडर, एक भाग लिक्विड घेऊन ओतला. साचा हाताला चटका बसेल इतका तापला आणि छत मधोमध खाली बसलं. माझं काय चुकलं?
एक वाचक, सिडको

उत्तर : तुमचं नाही, माझं चुकलं. मी जे लिहिलं ते अर्धवट होतं आणि त्यापायी तुमचं साहित्य आणि नमुन्यावरची मेहनत वाया गेली, याचं मला वाईट वाटतं.

हे अॅक्रिलिक घट्ट होताना उष्णता सोडतं. जाडी जितकी जास्त तितका ताप जास्त. तुम्ही घेतलेल्या प्रमाणात त्याचं आकारमान सुमारे ७ टक्के आक्रसतं. कवळीत ते निभावतं, कारण आम्ही ते पीठ मळल्यासारखं झाल्यावर दाबाखाली भरतो आणि साचा चारी बाजूंनी आवळलेला असतो. मी स्वतः सांगाडा केला तो लॅबच्या प्रेशर पॉटमध्ये. हे लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. घरी उघड्या साच्यात अॅक्रिलिकने फक्त लहान भाग करा : बंपर, चाकांच्या वाट्या, मीटरची डबी, सीटची पाठ. सबंध सांगाड्याला पॉलियुरेथेन. नमुना शाबूत असेल तर साचा मी लॅबच्या सिलिकॉनमध्ये काढून देईन. छंदघरच्या पत्त्यावर कळवा.

प्रश्न : यजमानांनी आणि मुलाने मिळून गच्चीवरच्या खोलीत एमडीएफचा ट्रॅक केला आहे, तांब्याची टेप लावून. पावसाळ्यात टेप काळी पडली, गाड्या अडखळायला लागल्या. मी चिंच-मीठ लावून तांब्याच्या भांड्यांसारखी चकचकीत करून दिली. चार दिवस छान चाललं आणि आता खाचेचे काठ फुगलेत. दोघंही काही बोलत नाहीत, पण मला चुटपुट लागली आहे.
एक गृहिणी, गंगापूर रोड

उत्तर : वहिनी, तांबं चिंचेनेच उजळतं, तुमचा हात बरोबरच गेला. फक्त भांड्याखाली एमडीएफ नसतं. एमडीएफ म्हणजे गोंद घालून दाबलेला लाकडाच्या बारीक तंतूंचा भुसा. चिंचेचं पाणी टेपच्या कडेतून आत गेलं, भुसा फुगला आणि काठ वर आले. टेपच्या खालचा गोंदही सुटला असणार.

काठ दुरुस्त होतात. खोली आठवडाभर कोरडी ठेवा, पंखा चालू. फुगलेल्या भागावरची टेप अलगद काढा. उंचवटा आधी घासू नका, त्यावर पातळ सुपर ग्लू पिऊ द्या, वाळला की भुसा दगडासारखा होतो. मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून सपाट घासा. खाच ३ मिलिमीटरची असेल तर तेवढ्याच जाडीची पट्टी खाचेतून सरकवून पाहा, अडली तर आतूनही घासा. नंतर वरून, खालून आणि खाचेच्या आतून ऑइल पेंट. बहुतेक लोक फक्त वरची बाजू रंगवतात. खालची बाजू उघडी राहिली तर फळी तिथून ओल पिते आणि जुलैत सबंध ट्रॅक कमान धरतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी असंच झालं. आम्ही १२ मिलिमीटरची फळी घेतली होती, खाली आधाराच्या पट्ट्या कमी होत्या, आणि एका टोकाला करंगळी जाईल एवढी फट पडली.

नवी टेप लावताना जिथे दोन तुकडे भेटतात तिथे नुसती एकावर एक चढवू नका. टेपखालचा गोंद बहुधा वीज नेत नाही. जोडावर सोल्डरचा थेंब हवा. पुढे काळपटपणा आला तर शाळेतलं साधं खोडरबर, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेलं फडकं. पावसाळाभर ट्रॅक वापरणार नसाल तर टेपवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोटभर पुसट हात फिरवा आणि दिवाळीला पुसून काढा. टेपची सगळी निगा तुम्हीच पाहा असं मी सुचवेन. चार दिवस का होईना, ती चकचकीत तुम्हीच केली होती.

प्रश्न : प्लॅस्टिक ट्रॅक वाढवून ११ मीटर केला. पॉवर जिथे जोडली आहे तिथे गाडी सुसाट, पलीकडच्या टोकाला मरगळते. मोठा अॅडॉप्टर घेऊ?
एक वाचक, अंबड

उत्तर : नको. वीज प्रत्येक सांध्यात थोडी थोडी हरवते आहे. तुकड्यांचे धातूचे जिभाळे पकडीने हलके आवळा, पट्ट्या पुसा. मग पॉवरच्या जागेपासून १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरी ट्रॅकखालून न्या आणि दर तीन मीटरवर त्याच पट्टीला जोडा. डावी पट्टी डाव्यालाच. उलट जोडलीत तर शॉर्ट होईल, म्हणून पहिल्यांदा फ्यूज घालूनच चालू करा.

प्रश्न : बोलेरो आपल्या नाशिकमध्ये बनते. तुम्ही जुन्या परक्या गाड्या करता, बोलेरो का नाही?
सातपूरच्या कारखान्यात नोकरी, नाव नको

उत्तर : करते आहे. गाडी रुंदीपेक्षा उंच आहे, म्हणून एवढे दिवस धीर झाला नाही. सांगाडा व्हॅक्यूममध्ये पातळ प्लॅस्टिकचा ओढून पाहणार आहे, दोन तुकड्यांत. मागच्या दारावरची स्टेपनी फोमची कापून काळी रंगवली आहे. रबराच्या स्टेपनीने मागचं टोक झोके खायचं. तुम्ही रोज ज्या दारांना हात लावता त्यांच्या फटींची मापं मला कळवाल का? मी रस्त्यात उभ्या गाडीची मोजायला गेले तर लोक संशयाने बघतात.

प्रश्न : घोडा सोडला की गाडी घरंगळत जायला हवी ना? माझी जागच्या जागी थांबते. आणि हा खेळ कुणी शोधला?
इयत्ता सातवी, पंचवटी

उत्तर : तुझा कंट्रोलर तीन वायरींचा आहे. घोडा सोडला की तो मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडून देतो. चाकं अजून फिरत असतात, ती मोटरला फिरवतात आणि त्या क्षणी मोटर जनरेटर होते. तिने तयार केलेली वीज तिच्याच फिरण्याला विरोध करते. हाच ब्रेक. घरी करून बघ : एक सुटी मोटर बोटाने फिरव, मग तिच्या दोन वायरी एकमेकींना लावून पुन्हा फिरव. बोटाला फरक कळेल. दोन वायरींच्या कंट्रोलरला हा ब्रेक नसतो, त्यावर गाडी तू म्हणतोस तशी घरंगळते.

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाचे गृहस्थ मिनीमॉडेल्स या त्यांच्या कंपनीत स्कॅलेक्स नावाच्या पत्र्याच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या गाड्या बनवत. त्यांत त्यांनी विजेची मोटर बसवली, नावाला इलेक्ट्रिक जोडलं आणि १९५७ मध्ये स्कॅलेक्सट्रिक हा स्लॉट कारचा सेट आला. पहिल्या गाड्यांत मासेराती २५० एफ होती, पत्र्याच्याच अंगाची. म्हणजे स्कॅलेक्सट्रिकची सुरुवातच खऱ्या गाडीच्या नकलेपासून झाली.

प्रश्न : दोन वर्षं खपून अॅम्बॅसॅडर केली. ग्रिलची प्रत्येक पट्टी वेगळी, पडदेसुद्धा. उभी असताना लोक खरी समजतात. धावायला लागली की खेळणं वाटते. रंगाचा दोष असेल का?
निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प

उत्तर : सर, तुमचे फोटो मी लॅबमधल्या सगळ्यांना दाखवले. रंगात काही दोष नाही. दोष वेगात आहे, आणि तो मोजता येतो.

तुमची गाडी सेकंदाला ३ मीटर धावत असेल, १२ व्होल्टवर एवढी सहज धावते. त्याला ३२ ने गुणलं तर सेकंदाला ९६ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ३४६ किलोमीटर. पडदे लावलेली अॅम्बॅसॅडर त्या वेगाने जाताना बघून डोळा विश्वास कसा ठेवेल? ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, भागिले ३२, म्हणजे अवघे ५२ सेंटिमीटर.

व्होल्टेज कमी-जास्त करता येईल असा पॉवर सप्लाय घ्या आणि ६ च्या आसपास आणा. कमी व्होल्टेजवर घाण लगेच जाणवते, म्हणून वेण्या रोज पुसायच्या आणि त्यांची टोकं विंचरून सारखी करायची. गाडी तरीही झटक्याने सुटेल आणि झटक्याने थांबेल, कारण वस्तू लहान केली की तिचं जडत्व त्याच हिशेबाने लहान होत नाही, फार जास्त घटतं. त्यावर एक उपाय मी करून पाहिला आहे. दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली मोटर घेतली आणि पुढच्या शाफ्टवर पितळेची १२ मिलिमीटर व्यासाची चकती बसवली. माझ्या यजमानांनी ती लेथवर काढून दिली, अगदी मध्यावर भोक पाडून. मध्य जरा चुकला तर गाडी थरथरते. चकती फिरत राहते, त्यामुळे गाडी हळू उचल घेते आणि वेग सोडल्यावर थोडी पुढे जाते, जड गाडीसारखी. ब्रेकची वायर मात्र काढून ठेवा, नाही तर चकतीचा उपयोग नाही. तुमच्या अॅम्बॅसॅडरच्या चाकांमधलं अंतर ७७ मिलिमीटर भरत असेल, चकतीला जागा आहे.

तुमच्या ट्रॅकची सरळ बाजू चार मीटरची आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ताशी ६० च्या हिशेबाने ती बाजू काटायला पावणेआठ सेकंद लागायला हवेत. फोनवर घड्याळ लावा, डोळे टेबलाच्या उंचीला आणून बसा आणि गाडी समोरून जाऊ द्या. पडद्यांचा व्हिडिओ पाठवाल तेव्हा तो याच वेगातला पाठवा.